कारिवणा : गाजराच्या कुलातील बांधावरची वनस्पती

शहापूर व मुरबाड ह्या तालुक्यांत भातखाचरांचे बांध, ओढ्यांचे काठ, विहिरीभोवतीची ओल धरणारी जागा आणि आंब्या-फणसाखालील सावलीची जमीन अशा ठिकाणी एक लहानशी, भुईसरपट वाढणारी वनस्पती आढळते. तिचे पान वाटोळे, देठाच्या बाजूस खोल खाच असलेले आणि कडेला बोथट दाते असलेले असते. कोकणात तिला कारिवणा म्हणतात. पुष्कळ लोक तिला ब्राह्मी म्हणूनही ओळखतात. वैद्यकाच्या संस्कृत ग्रंथांतील मंडूकपर्णी ती हीच, आणि वनस्पतिशास्त्रात तिचे नाव सेंटेला एशियाटिका असे आहे. ह्या जोडनावातील पहिला शब्द प्रजातीचा व दुसरा त्या प्रजातीतील जातीचा होय. गाजर, कोथिंबीर, शेपू, ओवा, बडीशेप व जिरे ज्या कुलात मोडतात त्याच कुलात सेंटेला ही प्रजाती मोडते, हे मात्र थोड्यांच्याच ध्यानात येते. कारण वरवर पाहता गाजराशी तिचे काहीच साम्य दिसत नाही.

ही वनस्पती नेमकी ओळखता येणे आपल्या भागात आता केवळ हौसेची गोष्ट राहिलेली नाही. करोनाच्या साथीच्या काळात, २०२०-२१ च्या सुमारास, शहापूरच्या वनधन केंद्रातील कातकरी तरुणांनी रानातील गुळवेल गोळा करून मोठमोठ्या औषध कंपन्यांना पुरविली, ही गोष्ट आपल्याकडे सर्वश्रुत आहे. चरकसंहितेत बुद्धिवर्धक रसायने सांगितली आहेत त्यांत गुळवेलीबरोबरच मंडूकपर्णीचे नाव येते. म्हणजे ज्या गिऱ्हाइकास एक वनस्पती हवी असते त्याला बहुधा दुसरीही हवी असते. परंतु गुळवेल ओळखण्यात चूक होण्याचा संभव थोडा असतो. कारिवण्याच्या बाबतीत तसे नाही. येथे नावच फसवे आहे.

एका नावाच्या दोन वनस्पती

‘ब्राह्मी’ ह्या नावाने दोन अगदी निरनिराळ्या वनस्पती बाजारात विकल्या जातात. एक म्हणजे आपला कारिवणा. दुसरी नीरब्राह्मी अथवा जलब्राह्मी. तिचे शास्त्रीय नाव बॅकोपा मोनिएरी. केरळात व बंगालमध्ये ब्राह्मी म्हटले म्हणजे ही दुसरी वनस्पती समजतात. बंगाली लोक कारिवण्याला ‘थानकुनी’ म्हणतात आणि मल्याळीत त्याला ‘कुडंगल’ असे स्वतंत्र नाव आहे. उत्तरेकडील पुष्कळ भागांत व महाराष्ट्रात मात्र कारिवण्यालाच ब्राह्मी म्हणण्याची रूढी पडलेली आहे. कानडी मुलखात ह्याच वनस्पतीला ‘ओंदेलग’, म्हणजे एकपानी, म्हणतात. हे नाव सर्वांत सार्थ आहे, कारण सरपटणाऱ्या खोडावर एकेक पान आपल्या लांब देठावर स्वतंत्र उभे राहिलेले दिसते. संस्कृत मंडूकपर्णी ह्या नावाची उपपत्ती दोन प्रकारे लावतात. कोणी म्हणतात की पानाचा आकार बेडकाच्या पायासारखा आहे, तर कोणी म्हणतात की बेडूक असतात अशा ओलाव्याच्या जागी ती वाढते. पावसाळ्यात खाचराच्या बांधावर फिरणाऱ्याला दुसरी उपपत्ती अधिक पटेल.

दोन्ही वनस्पतींची चव कडवट आहे, दोन्ही ओलसर जागी सरपटत वाढतात आणि दोन्ही बुद्धीस हितकर म्हणून वैद्यकात सांगितल्या आहेत. घोटाळा वाढण्यास एवढे पुरे होते. पण त्यांतील द्रव्ये वेगळी आहेत. कारिवण्यात एशियाटिकोसाइड, मॅडेकॅसोसाइड व त्यांच्याशी संबंधित आम्ले असतात. नीरब्राह्मीत बॅकोसाइड नावाची द्रव्ये असतात. औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत मालाची तपासणी होते ती ह्याच द्रव्यांवरून. मागणी एका वनस्पतीची आणि पोते दुसरीचे, किंवा दोन्हींची भेसळ, असे घडले म्हणजे सारा माल परत येतो. भाडे अंगावर पडते ते निराळेच. ज्या गटाने एकदा असा माल पाठविला त्याच्याकडे पुढच्या वर्षी कोणी फिरकत नाही. माल गोळा करणाऱ्याने कपटाने भेसळ केलेली नसते. त्याने मागितलेल्या नावाची वस्तू दिलेली असते. म्हणून गिऱ्हाइकाने ‘ब्राह्मी पाहिजे’ असे म्हटले तर प्रथम शास्त्रीय नाव विचारून ते कागदावर लिहून घ्यावे. त्याने ‘हायड्रोकोटाइल एशियाटिका’ असे सांगितले तरी गोंधळून जाण्याचे कारण नाही. ते कारिवण्याचेच जुने नाव होय. त्याचा इतिहास पुढे येईल.

गाजराचे कुल

ह्या कुलाला शास्त्रात एपिएसी म्हणतात. पूर्वीचे नाव अंबेलिफेरी असे होते आणि मराठीत चामर कुल ही संज्ञा रूढ आहे. एका दांड्याच्या टोकापासून अनेक बारीक काड्या छत्रीच्या काड्यांप्रमाणे निघतात आणि प्रत्येकीच्या टोकाशी फूल असते, अशा फुलोऱ्याला चामरकल्प फुलोरा म्हणतात. कोथिंबीर फुलावर आली की हा फुलोरा सहज पाहता येतो. नीट पाहिल्यास तेथे प्रत्येक काडीच्या टोकाशी पुन्हा एक लहान छत्री असते. म्हणजे तो छत्र्यांची छत्री असा संयुक्त फुलोरा होय. शेपू, बडीशेप, ओवा व गाजर ह्यांचेही तसेच. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाळ्याच्या उत्तरार्धात पांढऱ्या सपाट छत्र्यांनी फुलणारी ‘पंद’ ही वनस्पतीही ह्याच कुलातील आहे. तिच्या स्थानिक नावावरूनच पिंडा हे प्रजातीचे नाव पडले असून ती पश्चिम घाटाबाहेर आढळत नाही.

कुलाची आणखी तीन लक्षणे गावातल्या गावात दाखविता येतात. पहिले लक्षण देठाच्या तळाचे. कोथिंबिरीचे पान खोडापासून हळूच ओढून पाहावे. देठाचा तळ रुंद होऊन त्याने खोडाला मिठी मारल्यासारखे धरलेले असते. ह्या म्यानासारख्या भागाला आवरक तळ म्हणतात. दुसरे लक्षण फुलाचे: पाच पाकळ्या, पाच केसरदले, दोन किंजले, आणि किंजपुट म्हणजे पुढे ज्याचे फळ होते तो भाग पाकळ्यांच्या खाली. तिसरे लक्षण सर्वांत उपयोगाचे, ते फळाचे. आपण ज्याला धन्याचे, जिऱ्याचे किंवा ओव्याचे ‘बी’ म्हणतो ते वस्तुतः फळ असते. धणा दोन बोटांत किंचित दाबला की त्याची दोन अर्धुके होतात व प्रत्येक अर्धुकात एकेक बी असते. अशा फळाला पालिभेदी फळ म्हणतात. फळाच्या सालीत बारीक नळ्या असतात आणि त्यांत सुगंधी तेल साठते. ओव्याचा वास, बडीशेपेचा वास, जिऱ्याचा वास तो ह्या तेलाचाच. मसाल्याच्या डब्यातील निम्मे पदार्थ एकाच कुलाने पुरवावे ह्याचे कारण ह्या तैलनलिकांत आहे. हिंग देणारी झाडेही ह्याच कुलातील आहेत. मात्र त्यांचा चीक मुळातून काढतात.

हे कुल जसे उपकारक तसे घातकही आहे, हे सांगणे अवश्य आहे. ख्रिस्तपूर्व ३९९ मध्ये ग्रीसमधील तत्त्ववेत्ता सॉक्रेटिस ह्याला जे विष पाजण्यात आले ते ह्याच कुलातील हेमलॉक नावाच्या वनस्पतीचे होते. ती आपल्या तालुक्यांतील वनस्पती नव्हे. तथापि कोथिंबिरीसारखे दिसते म्हणून कोणताही रानपाला तोंडात टाकू नये.

सेंटेला प्रजातीची लक्षणे

सेंटेला ह्या प्रजातीत सुमारे पन्नास जाती असून त्यांतील बहुतेक सर्व दक्षिण आफ्रिकेत आढळतात. भारतात आढळणारी जाती एकच, ती म्हणजे एशियाटिका. मात्र हिचा प्रसार फार मोठा आहे. हिमालयाच्या पायथ्यापासून श्रीलंकेपर्यंत, तेथून आग्नेय आशिया व ऑस्ट्रेलियापर्यंत, आणि पश्चिमेस मादागास्कर व आफ्रिकेपर्यंत ती ओलसर जागी वाढते. श्रीलंकेत तिला गोटुकोला म्हणतात व तिची कोशिंबीर रोजच्या जेवणात असते.

खोड बारीक, दोऱ्यासारखे, गुळगुळीत व पुष्कळदा तांबूस झाक असलेले असते. ते उभे न राहता जमिनीवर धावते. त्यावर ठरावीक अंतराने पेरे येतात आणि प्रत्येक पेऱ्याशी खाली मुळ्यांचा झुपका व वर एक ते तीन, कधी त्याहून अधिक पाने फुटतात. ह्या रचनेचा अर्थ नीट समजून घ्यावा. दोन पेऱ्यांमधील दोरा तुटला तरी दोन्ही पेरी आपापल्या मुळांवर जगतात. गाय चरताना वेल ओढते, नांगराचा फाळ तिचे तुकडे करतो, आणि प्रत्येक तुकड्याची स्वतंत्र वनस्पती होते. उन्हाळ्यात वरची पाने करपून गेली तरी मातीतील जाडसर भाग टिकून राहतो व मृगाच्या सरींबरोबर पुन्हा फुटतो. बांधावरून ती कित्येक वर्षे हटत नाही ह्याचे रहस्य हे आहे. पण मुळासकट सरसकट उपटून नेली तर ती तितक्याच निश्चितपणे नाहीशी होते, कारण बियांपासून तिची वाढ फार सावकाश होते.

पानाचा देठ लांब असतो. सावलीत व गवतात तो फार लांबतो, उघड्या बांधावर आखूड राहतो. त्याचा तळ पातळ पापुद्र्यासारखा रुंद झालेला असतो. कोथिंबिरीत पाहिलेला आवरक तळ तो हाच, आणि गाजराशी नाते सांगणारी पहिली खूण येथे सापडते. पानाचे पाते मूत्रपिंडाच्या आकाराचे किंवा वाटोळे, साधारणपणे दोन ते पाच सेंटिमीटर रुंद असते. देठ जेथे जुळतो तेथे पात्यात खाच असते आणि त्याच बिंदूपासून पाच ते नऊ ठळक शिरा हाताच्या बोटांप्रमाणे पसरतात. कडा बोथट दातेरी असते. पान चुरगाळल्यास हलका हिरवट वास येतो. ओव्याच्या पानासारखा घमघमाट येत नाही.

फूल पाहावयाचे असल्यास खाली बसून पाने बाजूला सारावी लागतात. फुलोऱ्याचा दांडा पानाच्या देठापेक्षा पुष्कळच आखूड असल्यामुळे फुले पानांच्या छायेत दडलेली असतात. जन्मभर बांधावर काम केलेल्या माणसानेही कारिवण्याचे फूल पाहिलेले नसणे सहज शक्य आहे. पेऱ्यापासून एक ते पाच आखूड दांडे निघतात आणि प्रत्येकाच्या टोकाशी बहुधा तीनच, कधी दोन, चार किंवा पाच फुले गुच्छासारखी बसलेली असतात. त्यांना खालून दोन पातळ पापुद्र्यासारखी छदे कवेत धरतात व ती फळ तयार होईपर्यंत गळत नाहीत. फुलाच्या पाकळ्या पाच, फार लहान, पांढुरक्या ते जांभळट-तांबूस रंगाच्या असतात. कोथिंबिरीच्या फुलोऱ्याशी हे ताडून पाहिले म्हणजे येथे छत्रीतील छत्री नाही, छत्री एकपदरीच आहे, आणि तीही मिटल्यासारखी, हे ध्यानात येईल. म्हणूनच ही वनस्पती गाजराच्या कुलातील आहे असे सांगितल्यास लोकांना पटत नाही.

संशय फिटतो तो फळावर. फळ मुगाच्या दाण्याहून बारीक, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे चपटे व वाटोळे असते. ते तयार झाल्यावर नखाने उकलले तर त्याची धन्याप्रमाणेच दोन अर्धुके होतात. अर्धुकांवर उभ्या कडा असतात आणि त्या कडांमध्ये बारीक शिरांची जाळी विणल्यासारखी दिसते. ही जाळी साध्या भिंगातून स्पष्ट दिसते व सेंटेला प्रजातीची ती खात्रीची खूण आहे. धणे-जिऱ्यातील ठळक तैलनलिका मात्र ह्या फळात आढळत नाहीत. त्यामुळे मसाला म्हणून त्याचा काही उपयोग नाही. सर्व लक्षणांत फळावर अधिक भर द्यावा असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पान जागेप्रमाणे लहानमोठे होते, फूल सहसा दिसत नाही, पण फळ वाळलेल्या मालातही शाबूत राहते.

सारख्या दिसणाऱ्या वनस्पती

नीरब्राह्मीशी गल्लत नावामुळे होते, रूपामुळे होऊ नये. तिची पाने खोडावर समोरासमोर जोडीने येतात, त्यांना देठ जवळजवळ नसतोच, आणि ती लहान, मांसल व टोकाकडे रुंद होत गेलेली असतात. फूल एकेकटे, पांढरे किंवा फिकट निळसर-जांभळे, आणि फळ म्हणजे बारीक बियांनी भरलेली बोंडी. ती ईसबगोलाच्या कुलातील असून गाजराशी तिचा काही संबंध नाही.

खरी रूपाची फसवणूक उंदीरकानी करते. ही गारवेलीच्या कुलातील सरपटी वनस्पती ओल्या काळ्या जमिनीत व बांधांवर वाढते, पेऱ्यांशी मुळे सोडते, आणि तिचे पानही मूत्रपिंडाकृती असते. पण तिचे फूल पिवळे व नरसाळ्यासारखे जोडलेल्या पाकळ्यांचे असते. फूल नसेल त्या वेळी देठाचा तळ पाहावा. उंदीरकानीत पापुद्र्यासारखा आवरक तळ नसतो. शिवाय कारिवण्याची पाने पेऱ्याशी झुपक्याने येतात, उंदीरकानीची सहसा एकेक. पोत्यात भेसळ सापडते ती बहुधा हिची किंवा गवताची.

तिसरी वनस्पती रानातील नव्हे, रोपवाटिकेतील आहे. शहरातून ‘ब्राह्मी’ म्हणून पुष्कळदा जे कुंडीतील रोप विकत मिळते त्याचे पान पूर्ण वाटोळे, चकचकीत व नाण्यासारखे असते, आणि देठ पानाच्या मध्यभागी, कमळाच्या पानाप्रमाणे, खालून जोडलेला असतो. खाच मुळीच नसते. हे हायड्रोकोटाइल प्रजातीतील शोभेचे झाड होय. दिसावयास सुरेख, परंतु त्याचे बेणे आणून वाफा लावला तर वर्षाची मेहनत फुकट जाईल. पानास देठापर्यंत खाच आहे की नाही, एवढी एक गोष्ट पाहिली तरी ही चूक टळते.

ह्याच ठिकाणी जुन्या नावाचा उलगडा होतो. स्वीडनचे शास्त्रज्ञ लिनीअस ह्यांनी १७५३ मध्ये कारिवण्यास हायड्रोकोटाइल प्रजातीत घातले. पुढे १७६३ मध्ये त्यांनीच सेंटेला ही वेगळी प्रजाती केली. परंतु कारिवणा तेथे नेला नाही. ते काम जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ उर्बान ह्यांनी १८७९ मध्ये, फळाची व फुलोऱ्याची रचना ध्यानात घेऊन, केले. तरीसुद्धा औषधांच्या याद्यांत जुने नाव दीर्घकाळ चालू राहिले. अलीकडच्या दशकांत वनस्पतींच्या जननद्रव्याची तुलना करून कुलांची फेरमांडणी झाली, तेव्हा एक मौजेची गोष्ट निघाली. हायड्रोकोटाइल प्रजाती गाजराच्या कुलातून बाहेर पडून शेजारच्या एरेलिएसी कुलात गेली, आणि कारिवणा मात्र गाजराच्याच कुलात, पण एका वेगळ्या उपकुलात, राहिला. दोनशे वर्षे एका नावाखाली नांदलेल्या ह्या वनस्पती आज एका कुलातही नाहीत.

तोडणी, लागवड व वाळवण

औषधासाठी कारिवण्याचे पंचांग, म्हणजे मुळापासून फळापर्यंत सर्व भाग, घेण्याची पद्धत आहे. परंतु काही गिऱ्हाइकांना केवळ पाने हवी असतात. पानांत उपयुक्त द्रव्ये अधिक असल्यामुळे पानेच विकता आली तर दोघांचाही फायदा आहे: माल चांगला जातो आणि मुळे जमिनीत राहतात. पंचांगच हवे असल्यास बांधाचा एक पट्टा काढावा व लगतचा पट्टा तसाच ठेवावा. ठेवलेल्या पट्ट्यातून धावती खोडे येऊन रिकामी जागा भरून काढतात. ज्या बांधावर तणनाशक फवारले असेल तेथील पाला कितीही टवटवीत दिसला तरी घेऊ नये. मोरीच्या सांडपाण्यावर व उकिरड्याच्या ओघळीवर वाढलेला कारिवणा फार रसरशीत असतो. तोही वर्ज्य समजावा, कारण ही वनस्पती पाण्यातील व मातीतील घाण शोषून घेते.

शहापूर तालुक्यात तानसा अभयारण्य आणि मुरबाडच्या पूर्वेस भीमाशंकर अभयारण्याचा काही भाग येतो. अभयारण्याच्या हद्दीतून वनस्पती काढण्यावर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे निर्बंध आहेत. इतर वनक्षेत्रात २००६ च्या वनहक्क कायद्याने वननिवासी आदिवासींना व इतर पारंपरिक वननिवासींना गौण वनोपजाचे हक्क दिलेले आहेत. कोठून काय काढता येईल हे ग्रामसभेत ठरवून घेतल्यास पुढचे तंटे वाचतात.

लागवड सोपी आहे. दोन-तीन पेरी असलेले, मुळ्या फुटलेले खोडाचे तुकडे पावसाळ्याच्या आरंभी ओलसर वाफ्यात वीतभर अंतराने लावावेत. जमिनीत कुजलेले शेणखत मिसळावे व पाणी साचून राहू देऊ नये. सुमारे निम्मी सावली ह्या वनस्पतीस मानवते. म्हणून आंबा, चिकू ह्यांच्या झाडांखालील मोकळी जागा तिला योग्य होय. साधारण तीन महिन्यांत पहिली तोड मिळते. परंतु भाताचे खाचर किंवा भेंडीचे वावर मोडून तेथे कारिवणा लावावा असे आम्ही सुचविणार नाही. ह्या मालाला रोजचा बाजार नाही. गिऱ्हाईक ठरल्याशिवाय मोठी लागवड करणे धोक्याचे आहे. विहिरीच्या थारोळ्याची वाया जाणारी ओल, परसातील सावली, बागेतील दोन झाडांमधील पट्टा, एवढ्यापुरते हे पीक ठेवावे. उन्हाळ्यात पाण्याची ददात असलेल्या पाड्यांत तर ते पावसाळी पीकच समजावे.

वाळवण ही खरी कसोटी आहे. दोन-अडीच हजार मिलिमीटर पावसाच्या आपल्या मुलखात श्रावणात पाला वाळत नाही, काळा पडतो व त्यावर बुरशी चढते. औषधासाठी तोड करावयाची ती दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाल्यावर. मुळांच्या झुपक्यात माती घट्ट अडकलेली असते. ती वाहत्या स्वच्छ पाण्यात दोन-तीन वेळा धुऊन काढावी, नाहीतर वजन मातीचे भरते व माल नाकारला जातो. धुतल्यावर पाणी निथळू द्यावे व सावलीत, जमिनीवर न टाकता बांबूच्या ताट्यांवर पातळ पसरावे. दिवसातून दोनदा परतावे. नीट वाळलेले पान हिरवे राहते व मुठीत चुरचुर मोडते. ओल्या मालात पाण्याचा अंश फार असतो. सौदा करण्यापूर्वी एक किलो ओला माल धुऊन, वाळवून किती उरतो ते स्वतः तोलून पाहावे आणि मगच वाळलेल्या मालाचा भाव मान्य करावा. हा हिशेब न केल्यामुळे मजुरीही न सुटल्याचा अनुभव वनोपज गोळा करणाऱ्या पुष्कळांना आला आहे.

आहारातील उपयोग

कारिवण्याच्या कोवळ्या पानांची चटणी व कोशिंबीर करतात. कानडी मुलखात ओले खोबरे व ताक घालून केलेली त्याची तंबळी प्रसिद्ध आहे. आपल्याकडे तेलात पाला कढवून डोक्यास लावण्याचा प्रघात अधिक. पाला कच्चा खावयाचा असेल तर तो ज्या डबक्यात जनावरे बसतात त्याच्या काठचा नसावा. अशा पाण्यातून यकृतातील पर्णकृमींचा प्रादुर्भाव होऊ शकतो. नुसते धुऊन भागत नाही, पाला शिजवून घेणे बरे.

औषध म्हणून मात्र ही वनस्पती आपल्या मनाने घेऊ नये. जखम भरून येण्यास तिच्यातील द्रव्यांचा उपयोग होतो असे प्रयोगांत दिसून आले आहे व त्यांपासून मलमे तयार करतात. स्मरणशक्तीविषयीच्या समजुतीस तितका भक्कम पुरावा अद्याप मिळालेला नाही. तिचे अर्क दीर्घकाळ घेतल्याने यकृतास इजा झाल्याची काही उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत. गरोदर स्त्रियांनी व ज्यांना कावीळ होऊन गेली आहे अशांनी वैद्याच्या सल्ल्यावाचून ती घेऊ नये. परीक्षेच्या दिवसांत मुलांना वाटीभर रस पाजण्याची जी टूम निघते तिला गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी उत्तेजन देऊ नये.

नमुना कसा ठेवावा

प्रत्येक संकलन केंद्रात कारिवणा, नीरब्राह्मी व उंदीरकानी ह्या तिन्हींचे वाळविलेले नमुने पुठ्ठ्यावर लावून भिंतीस टांगावेत. कारिवण्याच्या नमुन्यात किमान दोन पेरी, त्यांची मुळे, पाने व फळे ही सर्व असावीत. वनस्पती धुऊन वर्तमानपत्राच्या घडीत पसरावी, एक पान उलटे ठेवावे म्हणजे खालच्या शिरा दिसतात, आणि वर फळी व दगड ठेवावा. पहिले आठ दिवस कागद रोज बदलावा. आपल्या दमट हवेत ह्यात हयगय केली तर नमुना कुजतो. पुठ्ठ्याच्या उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी लावून तीवर शास्त्रीय नाव, गावात बोलले जाणारे नाव, गाव व पाडा, जागेचे वर्णन (बांध, ओढा, सावली इत्यादी) आणि तारीख लिहावी. निदानाविषयी शंका राहिल्यास असाच दुसरा नमुना पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राकडे किंवा मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रहालयाकडे दाखवून नाव पक्के करून घ्यावे. वाळलेला माल घेताना पोत्यातील मूठभर पाला कोमट पाण्यात भिजवावा. पाने उलगडली की खाच व दाते दिसतात, आणि तळाशी चपटी फळे उतरतात. त्यांवरील जाळी भिंगातून पाहून मगच पोते तोलावे.